शिकवलेली ज्वारी

आप्पांच्या शेतातून रिकाम्या हातानं बाहेर पडायची सोय नव्हती. हे वाचून कुणाला वाटेल, वा, काय दिलदार माणूस, निघताना पिशवी भरून देत असणार. पिशवी द्यायचेच, पण त्याआधी दगड द्यायचे. शेतात आलेल्या प्रत्येकानं जाताना एक धोंडा उचलायचा, बांधापर्यंत न्यायचा आणि तिथं नीट रचून ठेवायचा, असा नियम होता. त्यातून कुणाला सूट नाही. मीटर बघायला येणारा, मतं मागायला आलेला उमेदवार, कुणाची तरी सोयरीक सांगायला आलेले पाहुणे, सगळ्यांना सारखा. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाई एकदा पैठणी नेसून आल्या होत्या. "लहान घ्या वैनी, सुपारीएवढा चालंल, पर घ्या," आप्पा म्हणाले, आणि बाईंनी सुपारीएवढा दगड दोन बोटांत प्रसादासारखा धरून बांधावर नेऊन ठेवला.

मी पहिल्या भेटीत शहाणपणा केला. चंदीगडला नवा होतो, मंडळात आणखी नवा, आणि चार बायका बघत होत्या. मी कलिंगडाएवढा धोंडा निवडला. बांध पन्नास पावलांवर होता. तिसाव्या पावलाला माझ्या कमरेतून कुणीतरी सुतळी तुटल्यासारखा आवाज काढला आणि मी धोंड्यासकट खाली बसलो. आप्पा सावकाश चालत आले. आधी त्यांनी धोंडा बघितला, मग मला.

"तुझं नाव काय?"

मी नाव सांगितलं. नावाआधी 'डॉक्टर' लावलं, तेव्हा लावायचो.

"डाक्टर? मग कंबर कुणाला दाखिवणार?"

मी सांगितलं की मी तसला डॉक्टर नाही. सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत आहे, जिवाणू सांभाळतो.

"सांभाळतोस म्हंजे?"

"म्हणजे जपून ठेवतो. गोठवून. पन्नास-पन्नास वर्षं मरू देत नाही."

आप्पांनी माझ्याकडे पहिल्यांदा जरा आदरानं बघितलं. "मंजी तूबी बी धरणारा हायेस की," ते म्हणाले. माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं. त्या वाक्यावर मी नंतर कितीतरी मैफली मारल्या.

आप्पा मूळचे माणदेशातले. अठराव्या वर्षी फौजेत गेले, पस्तिशीच्या आत पेन्शन घेऊन सुटले. शेवटचं ठाणं इथलं, शिवालिकच्या पायथ्याचं. गावाकडे चार भावांत मिळून एक विहीर होती आणि तिला पाणी नव्हतं. कवायतीला जाताना त्यांना एका चोच्या काठाला ही बारा बिघे जमीन दिसायची. चो म्हणजे इथला ओढा. दहा महिने कोरडा, दोन महिने राक्षस. जमीन कसली, दगडांचं गोदाम. मालकानं विकताना विचारलं होतं म्हणे, "फौजी, इसका करेगा क्या?" आणि वर म्हणाला, "पत्थरों का अलग से कुछ नहीं लूँगा."

तिथं त्यांनी आधी तंबू ठोकला, मग झोपडी, मग दोन खोल्या. वरच्या डोंगरातल्या एका गावची बायको केली. या आमच्या काकी. त्या मराठी शिकल्या ती सगळी आप्पांच्या तोंडून, त्यामुळे त्या सगळ्या जगाला 'तू' म्हणायच्या. संस्थेच्या निवृत्त संचालकांनासुद्धा त्यांनी "तू अजून एक भाकर घे की, लाजतो कशाला?" असं विचारलं होतं. मूलबाळ झालं नाही. चाळीस वर्षं दोघांनी दगड वेचले. आप्पा म्हणायचे, "फौजेत म्या लढाई केली न्हाई. हितं आल्यावर केली." गावात त्यांना 'मराठा फौजी' म्हणत आणि ते शब्द पूर्ण व्हायच्या आत हसत. हसण्याचं कारण होतं ज्वारी.

पंजाब-हरियाणात ज्वारी पेरतात ती म्हशींसाठी. हिरवी असताना कापायची, कुट्टी करायची, घालायची. तिला चरी म्हणतात. तिचं कणीस होऊ देणं हाच मुळी आळशीपणा. आणि हा माणूस ते दाणे काढून, दळून, थापून खायचा! शेजारच्या शेताचा मालक गुरमेलसिंग बांधावरून ओरडायचा, "फौजी, मेरी भैंस पूछ रही है, तेरे घर दावत कब है?" आप्पा ओरडून उत्तर द्यायचे, "तिला म्हणावं ये, मालकाला घरी ठेव!" हे मराठीत. गुरमेलला चाळीस वर्षांत ते उत्तर कळलं नाही, पण रोज विचारायचा.

ती ज्वारी मात्र सहज आलेली नव्हती. आईनं गावाकडून पाठवलेलं बी आप्पांनी पहिल्या साली पावसाबरोबर पेरलं. "ताटं झाली हत्ती बुडंल एवढी. पर कणीस न्हाई. दसरा गेला, दिवाळी गेली, धुकं पडाय लागलं, तरी बाई निसवंना. तिला वाटायचं, अजून आपण माणदेशातच हाय, घाई कशाला? सगळ्या वावरात सात कणसं भरली. सात! आई म्हणाली आसती, गिळून टाक. म्या तीच धरली." दुसऱ्या साली सातांची साठ झाली. त्यातली जी थंडीच्या आत भरली ती धरली. असं करत करत पंधरा वर्षांनी त्या ज्वारीला इथला पाऊस, इथलं धुकं, इथली घाई अंगवळणी पडली. आप्पा त्याला 'शिकवणं' म्हणायचे. "पोरगं शाळंत घालत्यात तशी घातली. नापास झाली की म्हशीला, पास झाली की गाडग्यात."

पास-नापास ते ऑक्टोबरात ठरवायचे. फाटक्या लाल लुगड्याच्या चिंध्या खिशात घेऊन शेतातून फिरायचे, एकेका ताटापुढे थांबायचे, हात मागे बांधून. कणसाला हात लावायचे नाहीत. मला एकदा दटावलं, "हात नको. बी डोळ्यानं निवडायचं. हाताला सगळंच आवडतं." मग एखाद्या ताटाला चिंधी बांधायचे. त्या कणसांचे दाणे राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात भरायचे. बाकीची ज्वारी खायला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्हा मंडळींना हुरड्याचं बोलावणं असायचं. चंदीगडात हुरडा! पी.जी.त राहणारी, मोहालीच्या कंपन्यांतली मराठी पोरं तो खाताना रडायच्या बेतात यायची. मी पण यायचो, पण विनोद करून निभावून न्यायचो. ती माझी जुनी सवय आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसात चो घरात आला. भिंत पडली, जुन्या सालांच्या बियांची गाडगी भिंतीखाली गेली, पीक आडवं झालं. उंचवट्यावरचा एक तुकडा तेवढा वाचला. त्यात आप्पांनी चिंध्या बांधल्या. तेव्हा त्यांना मोतीबिंदू झाला होता, पण ऑपरेशनला ते "सुगी होऊ दे" म्हणत होते. मोजून पाच किलो बी हाती आलं. खायला दाणा नाही. घर पत्र्याच्या शेडमध्ये, शेडमध्ये उंदीर, आणि हातात त्या ज्वारीचं जगातलं शेवटचं बी.

"आप्पा, मला द्या," मी म्हणालो. "आमच्याकडे कोल्ड रूम आहे. उंदीर नाही, कीड नाही, पन्नास वर्षं काही होणार नाही."

बी त्यांनी आजवर घराबाहेर दिलं नव्हतं. काकी म्हणाल्या, "दे ना त्याला. इतका शिकलेला आहे." आप्पांनी गाडगं माझ्या हातात दिलं आणि दोन्ही हात जरा वेळ तसेच खाली धरून ठेवले, मी पाडेन की काय म्हणून. कलिंगडाएवढा धोंडा त्यांना आठवत असावा.

आता पुढचं. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

कोल्ड रूममध्ये काहीही ठेवायचं तर फॉर्म भरावा लागतो. नमुन्याचं शास्त्रीय नाव, संख्या, प्रकल्प क्रमांक. सोमवारी भरू म्हणून मी गाडगं घरी नेलं आणि स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवलं. असे बरेच सोमवार आले. मग संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू आणि जेवण. दरवर्षी आप्पांकडची भाकरी असायची, या वर्षी नव्हती, म्हणून सगळे हळहळत होते. आणि हळहळणारा समुदाय समोर दिसला की मला काहीतरी होतं. मी म्हणालो, "भाकरीचं माझ्याकडे लागलं."

विनिता, माझी बायको, घरी आल्यावर म्हणाली, "अहो, ते बी आहे ना आप्पांचं?"

"अगं पाच किलो आहे. त्यांना एवढं लागत नाही. मला म्हणाले होते, थोडं खा."

असं ते कधीच म्हणाले नव्हते. हे मी इतक्या सहज बोललो की मलाच क्षणभर खरं वाटलं. एक किलो काढली, राख धुतली, गच्चीवर वाळवली आणि सेक्टर २२ मध्ये दळायला नेली. चक्कीवाल्यानं दाणे हातात घेऊन विचारलं, "डाक्टर साब, भैंस कब ली?"

त्या संध्याकाळी पिठलं, ठेचा आणि भाकरी. काय सांगू! तेहतीस माणसं, एकेकाला चतकोर. एक हृदयरोगतज्ज्ञ डोळे मिटून चावत होते. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे संक्रांत झाली हो." मी नम्रपणे मान खाली घातली. ती नम्र मान माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे.

त्यानंतर त्या तज्ज्ञांची आई नाशिकहून आली, तिला भाकरी हवी होती. एक किलो. मग आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाल्याचा सोहळा. मग एका रविवारी कुणी आलं नव्हतं, काही निमित्त नव्हतं, धुकं होतं आणि मला भूक लागली होती. होळीच्या सुमाराला मी गाडग्यात हात घातला तर हाताला राख लागली आणि कडुलिंबाची चार काडकाडीत पानं. दाणा नव्हता.

माणूस इथं तरी शहाणा होतो. मी हुशार झालो. सोलापूरकडच्या एका दुकानातून कुरिअरनं पाच किलो ज्वारी मागवली. मालदांडी, निवडक, मोत्यासारखी. ज्वारी ती ज्वारी, मी मनाशी म्हणालो, आणि मूळ गावही जवळजवळ तेच. आता राख. गॅसच्या घरात राख कुठली? एका ढाब्याच्या तंदूरमधून मागून आणली. तंदूरवाल्यानं पिशवीत भरून दिली आणि हात जोडले. त्याला वाटलं घरात कुणी गेलं. कडुलिंब सेक्टरच्या रस्त्यावरचाच. मी ज्वारी राखेत घोळत असताना विनिता दारात उभी होती. ती काही बोलली नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की न बोलण्याचेही प्रकार कळायला लागतात.

जूनमध्ये गाडगं आप्पांना परत नेऊन दिलं. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा होता. त्यांनी मूठभर दाणे काढले, राख फुंकली, तळहातावर पसरले. बराच वेळ बघत राहिले.

"जरा टपोरं दिसतंय रे."

"थंडीत ठेवल्यामुळं, आप्पा," मी म्हणालो. "ओलावा धरतं."

"असं व्हय?" त्यांनी काकींकडे बघितलं. "शास्त्र शिकलेला माणूस म्हंतोय मंजी आसंल." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

पाऊस वेळेवर झाला. ज्वारी अशी उगवली की मी खूश. जुलै, ऑगस्ट, ताटं वाढतच होती, पुरुषभर, दीड पुरुष. गुरमेल बांधावरून म्हणाला, "फौजी, चालीस साल में पहली बार अक्ल आई. क्या चरी है!" त्या दिवशी आप्पांनी उलट उत्तर दिलं नाही, असं काकींनी मला फोनवर सांगितलं. "बोलत नाही. सकाळी जातो, ज्वारीत उभा राहतो, येतो, जेवत नाही. तू येऊन जा."

मी गेलो ऑक्टोबरच्या शेवटी. हुरड्याचं बोलावणं त्या वर्षी आलंच नव्हतं. आप्पा बांधावर बसले होते. खिशातून लाल चिंध्या बाहेर डोकावत होत्या, एकही वापरलेली नव्हती. शेत हिरवंगार होतं आणि सगळ्या शेतात कणीस नव्हतं.

"इसरली रे ती," आप्पा म्हणाले.

"कोण?"

"ज्वारी. शिकिवल्यालं समदं इसरली. पयल्या सालावानी वागाय लागली. तसंच, अगदी तसंच. माणदेशात असल्यासारखी निवांत."

मला तिथं उभ्या उभ्या समजलं मी काय केलं होतं. पहिल्या सालासारखी का वागणार नाही? ती पहिल्या सालचीच होती. चाळीस वर्षांची शाळा मी पिठल्याबरोबर खाल्ली होती आणि बिगरीतलं पोरगं आणून मॅट्रिकच्या बाकावर बसवलं होतं. दिवस लहान झाल्याशिवाय ही जात निसवत नाही, आणि इथं दिवस लहान होतात तेव्हा दारात धुकं उभं असतं. हे मी कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. आप्पांनी तर मला हुरडा खाऊ घालत घालत दहा वेळा सांगितलं होतं.

"आन् माझंच चुकलं," आप्पा पुढं म्हणाले. "गेल्या साली मोतीबिंदू हुता. चिंध्या बांधल्या, पर दिसत कुठं हुतं? भलत्याच ताटांना बांधल्या आसतील. नापासाला पास केलं म्या." मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे आता स्वच्छ होते. "तू शास्त्रवाला. तू सांग. माझी नजर गेली हुती म्हनून झालं का हे? का आनि काय आसंल?"

सांगायला याच्याहून सोपी वेळ देवानं कुणाला दिली नसेल. प्रश्नच विचारला होता. मी तोंड उघडलं.

"हवामान बदलतंय आप्पा," मी म्हणालो. "सगळ्या जगातच झालंय."

ते मान हलवत राहिले. माझं समाधान व्हावं म्हणून. जाताना मी न सांगता एक दगड उचलला. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता कुणासाठी?"

नोव्हेंबरात काही ताटं निसवली. थंडीनं कणसं पोकळ राहिली. आप्पांनी एक कणीस हातावर चोळलं, फुंकलं, तर नुसता भुसा उडाला. सगळं पीक त्यांनी गुरमेलला म्हशींसाठी दिलं. गावात बोललं जायला लागलं की फौजीचं डोकं फिरलंय, चरी पेरून दाणे शोधत फिरतो. पुढच्या वर्षी गावाकडून नवं बी आणू आणि पुन्हा सुरू करू, असं मी एकदा फोनवर सुचवलं. काय माझं धैर्य! आप्पा म्हणाले, "शिकवाय पंधरा साल लागली, डाक्टर. मी आता पंचाहत्तर. आन् ज्या मास्तराला पास-नापास कळंना, त्यानं शाळा घालू ने." त्यांनी शेत गुरमेलला खंडानं देऊन टाकलं.

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात मी रोज जात होतो, संत्री घेऊन. शेवटच्या आठवड्यात ते खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत पडलेले असायचे. एकदा मी ठरवूनच गेलो होतो. खुर्ची जवळ ओढली, म्हणालो, "आप्पा, तुम्हाला एक सांगायचं होतं." त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तू लई केलंस रे पोरा माझ्यासाठी." मग मी कसला सांगतोय? मी संत्रं सोललं. चौथ्या दिवशी ते गेले.

तेराव्याला शेडसमोर सतरंज्या घातल्या होत्या. गावातली चाळीसेक माणसं, मंडळाची सात-आठ. भट उठून गेल्यावर लोक आठवणी काढत बसले होते. गुरमेल म्हणाला, "बंदा हीरा सी. बस आख़िरी साल नज़र वी गई, दिमाग़ वी गया." दोघे-तिघे हसले. वाईट हसले नाहीत, मेलेल्या माणसावर प्रेमानं हसतात तसे. मी मान वळवली तर दाराशी काकी उभ्या होत्या आणि त्यांनी ऐकलं होतं.

मी उठून आत गेलो. काकी पुऱ्यांची परात झाकत होत्या. मी सांगितलं. माळा, संक्रांत, सोलापूर, तंदूरची राख, सगळं. त्यांनी परात झाकली, झाकणावर हात ठेवून ऐकलं.

"मला कशाला सांगतो?" त्या म्हणाल्या. "मी काय करू याचं? तो रात्रंदिवस सांगायचा मला, कमला, माझी नजर गेली, माझी नजर गेली. मी म्हणायची, म्हातारा झाला तू, जाऊ दे." त्यांनी झाकण दाबून बसवलं. "मी पण त्याला म्हातारा म्हटलं."

मी दाराकडे वळलो.

"बाहेर सांग," काकी म्हणाल्या. "सब के सामने. जे हसले त्यांना सांग."

मी बाहेर आलो, हात जोडले आणि हिंदीत बोलायला लागलो. कोल्ड रूमच्या फॉर्मपासून सुरुवात केली. चक्कीवाल्याची म्हैस सांगितली, लोक हसले. तंदूरवाला सांगितला, आणखी हसले, मंडळातले हृदयरोगतज्ज्ञ तर मोठ्यानं. गोष्ट रंगत होती. मला जागा सापडत होत्या, कुठं थांबायचं, कुठं आवाज पाडायचा. हातवारे सुरू झाले होते. आणि मला जाणवलं की मी मजेत आहे. आप्पांच्या तेराव्याला, त्यांच्या अंगणात, मी त्यांच्या बियांवर शेवटची मैफल मारतोय.

मी थांबलो. पुढचं वाक्य सापडेना. मग म्हणालो, "बीज मैंने खाया. उनको बाज़ार का दाना दिया और झूठ बोला. उन्होंने बीज सही चुना था. मोतियाबिंद में भी सही चुना था. उनकी नज़र नहीं गई थी."

आता कुणी हसत नव्हतं. मंडळाचे लोक आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते, कारण ती भाकरी त्यांनीही खाल्ली होती. गुरमेलनं पगडीखालून कपाळ पुसलं.

"तूने उसको बताया था?" त्यानं विचारलं.

"नहीं."

"वो पूछता था?"

"पूछते थे."

"मैं उसके मुँह पे पागल बोलता रहा, यार," तो म्हणाला, आणि उठून चोच्या दिशेनं चालू लागला.

मग पंगत बसली. मला निघून जायचं होतं, पण काकींनी माझ्यापुढे ताट आणून ठेवलं. पुऱ्या, भोपळ्याची भाजी, खीर. बाकीचे जेवायला लागले होते.

"जेव," त्या म्हणाल्या.

"काकी, भूक नाही."

"तेव्हा होती," काकी म्हणाल्या, आणि माझं जेवण होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.